नायगागाचे गार जेवण

जिंजा गावच्या मासेसे वस्तीत, भावाच्या घरी, नायगागाचे ताट वाढले की त्यातून वाफ निघत असे, आणि वाफ विरण्याच्या आत तिचे जेवण संपलेले असे. माशाची आमटी जीभ भाजणारी, रताळी बोटे पोळणारी. शेजारणी म्हणत, नणंद असून गरम जेवते, भाग्यवान आहे. नायगागाला मात्र ती वाफ पाहिली की एकटे वाटे. बहिऱ्या माणसाचे ताट गरमच्या गरम संपते ते एकाच कारणाने: समोर बोलायला कोणी नसते, त्यामुळे हात घासापुरते मोकळे असतात. हातांनी बोलणारी माणसे जिथे एकत्र जेवतात तिथे उचललेला घास पुन्हा ताटात परततो, मक्याच्या पिठाच्या पोशोच्या गोळ्यावर साय धरते आणि घेवड्याचा रस्सा थिजतो. जिंजाचे बहिरे एखाद्या लग्नाची तारीफ करतात ती म्हणूनच 'जेवण फार गार होते' अशी.

नायगागाचे कान सहाव्या वर्षी तापात गेले. ताप कोणता, यावर घरात एकमत नाही: भावाच्या मते गोवर, आत्याच्या मते शेजारणीची दृष्ट. दोघांपैकी कोणीही त्या दिवसांत घरी नव्हते, हे दोघेही मान्य करतात. तापाआधीच्या बोलण्यातला एकच शब्द तिच्या घशात शाबूत राहिला: 'कालेऽ', म्हणजे बरं, ठीक आहे. त्याचा आवाज तिला आठवत नाही; तो उच्चारताना छातीत जी गुणगुण होते ती आठवते. टॅक्सी अड्ड्यावर शेगडी मांडून ती भाजलेले भुईमुगाचे दाणे विके, आणि गिऱ्हाईक काहीही बोलले तरी कालेऽ म्हणे. धंदा बरा चाले. संगत नव्हती.

संगत होती गाद्यांच्या कारखान्यात, पॅकिंगच्या शेडमध्ये. तिथे चार बहिरे कामाला होते. त्यांतली नांगोबी ही नायगागाची शाळेपासूनची मैत्रीण. एकदा जेवणाच्या सुट्टीत नायगागा दाणे घेऊन तिथे गेली, तेव्हा बाकावर चार ताटे साय धरून पडली होती आणि आठ हात हवेत होते. दाणे विकायचे राहून गेले.

"ये की इकडंच," नांगोबी हातांनी म्हणाली. "एक जागा निघतेय."

"मला घेतील?"

"पुड्या बांधतेस ना रोज? गादी म्हणजे मोठी पुडी. फक्त आता सर्टिफिकेट लागतं."

"तुझ्याकडे कुठं आहे?"

"आम्ही आलो तेव्हा नुसते हात लागायचे. आता तयारी लागते म्हणे."

तयारीचा वर्ग चर्चमागच्या सभागृहात भरे. शिकवायला इसाबिर्ये नावाचे सज्जन, कान असलेले गृहस्थ होते. खुणांच्या भाषेतली फक्त मुळाक्षरे त्यांना भिंतीवरच्या तक्त्यावरून येत, आणि प्रत्येक शब्द ते अक्षर अक्षर करून बोटांवर उभा करत. 'वक्तशीरपणा' हा शब्द पुरा होईपर्यंत सकाळचा चहा येई. उरलेले ते तोंडाने सांगत, फळ्याकडे तोंड करून. वर्गाने त्यांचे नाव ठेवले होते 'पाठ'. बोलावताना स्वतःच्या खांद्यामागे थाप मारायची. इसाबिर्येंना ती थाप शाबासकीची वाटे आणि तेही उलट थाप मारत.

अभ्यासक्रम राजधानीहून आला होता. तो मुळात ऐकू येणाऱ्या होतकरूंसाठी रचलेला असावा, असे मानायला जागा आहे. कारण मुखपृष्ठावर 'कर्णबधिर प्रौढांसाठी' अशी चिठ्ठी डकवली होती आणि तिच्याखालून जुने अक्षर डोकावत होते. सातवा धडा होता 'टेलिफोनवरील शिष्टाचार'.

नायगागाने हात वर केला आणि बोटांवर अक्षरे जुळवून विचारले, "सर, हा धडा आम्हाला कशाला?"

इसाबिर्येंनी बोटे जुळवली. "पुस्तकात आहे म्हणून."

"आम्हाला ऐकू येत नाही."

"ते मला कळतं हो, बाई. पण सातवा गाळला तर अकराच धडे उरतात. आणि अकरा धड्यांचं सर्टिफिकेट छापलेलंच नाही."

वर्गाने सातवा धडा उघडला. धड्यात तीन नियम होते: समोरच्याचे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, ग्राहकाला कधीही नाही म्हणू नये, आणि आवाजात हसू असावे. तिसऱ्या नियमावर वर्ग बराच वेळ हसला. त्यालाच आवाजातले हसू समजून इसाबिर्येंनी सर्वांना पास केले. खरी परीक्षा घ्यायला राजधानीहून एक परीक्षक येणार होता.

परीक्षेसाठी सभागृहात टेबलावर दोन टेलिफोन मांडले होते. दोन्हींच्या तारा कुठेच जात नव्हत्या. परीक्षक एकापाशी बसला, उमेदवार दुसऱ्यापाशी. परीक्षकाने तोंडाने "ट्रिंग ट्रिंग" म्हणायचे आणि उमेदवाराने ते ओठांवर वाचून रिसीव्हर उचलायचा, असे ठरले. पहिल्या उमेदवाराने रिसीव्हर टेबलावर उताणा ठेवला आणि त्याच्याशी हातांनी बोलू लागला. त्याला शून्य मिळाले. दुसऱ्याने परीक्षकाकडे बोट दाखवून विचारले, "समोर तर बसलाय, फोन कशाला करतो?" त्यालाही शून्य.

नायगागाचा अभ्यास मात्र वर्षानुवर्षांचा होता. टॅक्सी अड्ड्यावर शेगडीमागे बसून तिने माणसे फोनवर काय करतात ते पाहिले होते, आणि ऐकू न आल्यामुळे तिला दुसरे काही व्यवधान नव्हते. तिने रिसीव्हर आधी संशयाने पाहिला. मग कानाला लावून दुसऱ्या कानात बोट घातले. उठली, फोन आपल्याला ओढत नेतो आहे अशा चालीने भिंतीपर्यंत गेली, भिंतीचा पोपडा नखाने काढला, छताकडे पाहून हसली, नसलेला खडा पायाने उडवला, मोकळा हात हवेत नाचवून कोणाला तरी रस्ता समजावला, आणि शेवटी अड्ड्यावर सगळे करतात तसे मान हलवत हलवत म्हणाली, "कालेऽ. कालेऽ. कालेऽ, काले काले." रिसीव्हर ठेवला, त्याच्याकडे पाहून सुस्कारा सोडला.

परीक्षकाने आपला रिसीव्हर कानाला लावलेलाच होता. असे सांगतात की, नायगागाने फोन ठेवल्यावर तोही "काले" म्हणाला. सातव्या धड्यात तिला शंभरापैकी शंभर गुण मिळाले. तेवढे गुण त्या धड्यात आजवर ऐकू येणाऱ्यांनाही मिळाले नव्हते.

सर्टिफिकेट घेऊन ती कारखान्याच्या व्यवस्थापकांपुढे उभी राहिली. शेजारी दुभाष्या म्हणून इसाबिर्ये. व्यवस्थापक किरुंदा हे आधुनिक विचारांचे गृहस्थ होते. वर्गाचा खर्च देणाऱ्या परदेशी संस्थेने त्यांना कळवले होते की, आमचा एखादा उमेदवार पाहुण्यांना दिसेल अशा जागी घ्या. किरुंदांनी सर्टिफिकेट वाचले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"टेलिफोनमध्ये शंभर! आणि ही बाई पॅकिंगला जातेय? इसाबिर्ये, रिसेप्शनची खुर्ची गेले कित्येक महिने रिकामी आहे हो."

इसाबिर्येंची बोटे जुळू लागली. नायगागाने पहिली तीन अक्षरे पाहिली आणि सरळ शेडकडे बोट दाखवले.

"काय म्हणतात?"

"पॅकिंग म्हणतात, साहेब. तिथंच हवंय."

"नम्र आहे," किरुंदा म्हणाले. "चांगली माणसं स्वतःहून मोठी खुर्ची मागत नाहीत."

"साहेब, त्यांना ऐकू येत नाही."

"मग मार्क कसे मिळाले?"

इसाबिर्ये सर्टिफिकेटकडे पाहू लागले. परीक्षा त्यांच्याच सभागृहात झाली होती.

टेलिफोनवर किरुंदांनी लाल दिवा बसवून घेतला. घंटा वाजली की दिवा लागेल, दिवा लागला की बाई उचलतील. योजनेत दोष नव्हता. दोष वायरमनमध्ये होता, निदान फाटकावरचा रखवालदार बालिकोवा तसे सांगतो. वायरमन बालिकोवाचा मेहुणा असल्याने त्याचे म्हणणे जपून घ्यावे लागते. एवढे खरे की, तो दिवा टेलिफोन वाजला तरी लागे आणि गच्चीवरच्या टाकीचा पंप सुरू झाला तरी लागे. दिवा लागला की नायगागा रिसीव्हर उचलून शेवटपर्यंत ऐकून घेई आणि कालेऽ म्हणे. निम्मा दिवस ती पंपाशी सौजन्याने बोलत असे. पंपालाही तिने कधी नाही म्हटले नाही.

पहिल्याच आठवड्यात तिने इसाबिर्येंना गाठून अक्षर अक्षर जुळवत विचारले, "हे किती दिवस?"

"साहेब खूश आहेत. तक्रारी कमी झाल्यात."

"मी ऐकत नाही म्हणून."

"पूर्वीच्या बाई ऐकायच्या," इसाबिर्ये उदासपणे म्हणाले, "पण भांडायच्या."

ही गोष्ट खरी होती. गिऱ्हाईके तावातावाने फोन करत, मनातले सगळे बोलून टाकत, पलीकडून कोणी मध्येच तोडत नसे, शेवटी एक जुन्या वळणाचे, आईने म्हणावे तसे कालेऽ ऐकू येई, आणि माणसे शांत होऊन फोन ठेवत. इगांगाचा एक दुकानदार तर काही काम नसताना फोन करू लागला.

जेवण रिसेप्शनवर साहेबांच्या खालोखाल पहिले येई, कढईतून थेट. पोशो वाफाळलेला. नायगागा तो एकटी खाई, आणि तो गार होत नसे. सुरुवातीला तरी एक सोय होती. रिसेप्शनची काच मोठी, समोर अंगण, अंगणापलीकडे शेड. नांगोबी दारात आली की दोघी काचेतून, अंगणावरून, मध्ये ट्रक उभा असला तर टायरमधल्या फटीतूनही बोलत.

"बाईसाहेब, आज कुणाचा फोन?"

"पंपाचा. तब्येत बरी नाही म्हणाला."

"जागा अजून रिकामी आहे गं. बाकावर तुझ्या जागी मी कोणाला बसू देत नाही. तिथली फळी मोडलीय म्हणून सांगते."

मग किरुंदांनी काचेवर एक भव्य पोस्टर लावले. त्यावर नायगागाचाच फोटो, कानाला रिसीव्हर, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'आम्ही तुमचे ऐकतो.' पोस्टरने काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरली. त्या दिवसापासून नायगागाला नांगोबी दिसेना. दिसे ती स्वतःच, उलटी, काचेच्या मागल्या बाजूने.

त्याच दिवशी तिने एक निर्णय घेतला. त्याविषयी वेगवेगळ्या हकिकती आहेत, पण संध्याकाळी फाटकापाशी नांगोबीला तिने हातांनी जे सांगितले ते असे: "यांना फोन उचललेला हवाय ना? मी पुस्तकाप्रमाणे उचलणार. नाही म्हणणार नाही. बघू किती पेलतं यांना." तोपर्यंत ती दिवसातून काही फोन सोडून देत असे, दिवा न दिसल्यासारखे करत असे. आता तिने एकही सोडला नाही.

बुगेंबेचे एक मोठे गादी व्यापारी होते, मुकोसे नावाचे. त्यांच्या मुलीचा क्वांजुला ठरला होता, म्हणजे नवऱ्याकडची मंडळी मुलीच्या घरी येऊन रीतसर मागणी घालतात तो समारंभ. ऐन वेळी नगरपालिकेने पाण्याच्या नळासाठी मुकोसेंचे अंगण खणून ठेवले. मुकोसेंनी कारखान्यात फोन लावला. तुमचे अंगण मोठे आहे, शनिवारी सुट्टी असते, इतक्या वर्षांचा संबंध आहे, मांडव आम्हीच घालू, असे त्यांनी लांबलचक सांगितले. पलीकडून कोणी किंमत विचारली नाही, साहेबांना विचारते म्हटले नाही. नुसते कालेऽ. मुकोसेंचे डोळे भरून आले.

परदेशी संस्थेच्या मॅडम नायगागाला पाहायला त्याच शनिवारी येणार होत्या. किरुंदांनी त्यासाठी सगळ्यांची सुट्टी रद्द केली होती.

सकाळी फाटकासमोर दोन ट्रक उभे राहिले. मांडव, खुर्च्या, चटया, ढोल, शेळ्या. बालिकोवा आडवा आला.

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या बाईंनी."

"काय म्हणाल्या?"

"काले म्हणाल्या."

बालिकोवाने मान डोलावली. त्या काले म्हणाल्या असणार याबद्दल शंकेला जागाच नव्हती. त्याने फाटक उघडले. किरुंदा पोचले तेव्हा उंच खांद्यांच्या रेशमी गोमेसी नेसलेल्या बायकांनी गाद्यांच्या थप्प्यांवर बैठक मारली होती आणि थप्प्या अगदी योग्य उंचीच्या आहेत असे एकमेकींना सांगत होत्या.

किरुंदांनी तोंड उघडले तेवढ्यात मॅडमची गाडी आत आली. सोबत तोच परीक्षक. नवऱ्याकडचे लोक अजून आले नव्हते. आता रीत अशी की, मुलीकडून एक भाडोत्री बोलका उभा राहतो आणि येणाऱ्यांची उलटतपासणी करतो. कोण तुम्ही, कुठून आलात, कशाला आलात. बोलक्याने पाहिले, बाहेरून गाडी आली, आतून अनोळखी माणसे उतरली, हातात भेटीची पिशवी. त्याने त्यांना हाताला धरून समोरच्या चटईवर बसवले. परीक्षकाला प्रकार लगेच कळला. पण एकदा चटईवर बसल्यावर उठणे म्हणजे अपमान, म्हणून तो बसून राहिला.

"उशीर झाला!" बोलका गरजला. "एक शेळी दंड! बोला, आमच्या घरात कशाला आलात?"

परीक्षकाने मॅडमच्या कानात भाषांतर केले. मॅडम हसून म्हणाल्या, "आम्ही तुमच्या नायगागाला भेटायला आलोय. तिच्याबद्दल खूप ऐकलंय."

परीक्षकाने ते प्रामाणिकपणे मोठ्याने सांगितले. गाद्यांवरच्या बायका पुढे झुकल्या.

"नायगागा?" बोलका म्हणाला. "आमच्या मुलीचं नाव नायगागा नाही."

"आम्हाला तीच हवी," मॅडमनी कळवले. "आम्ही तिच्यावर बराच खर्च केलाय."

"आधीच?" गाद्यांवरून एक आत्या ओरडली. "ऐकलंत का! खर्च आधी आणि मागणी नंतर!"

"दुसऱ्या मुलीचं नाव घेतलं," बोलक्याने जाहीर केले. "आणखी एक शेळी!"

नायगागाला आणून उभे केले गेले. तिला ऐकू काहीच आले नाही, पण शेळीकडे, मॅडमकडे आणि आपल्याकडे फिरणारी बोटे तिने पाहिली, आणि आपला सौदा चालला आहे हे ताडले. शेडच्या दारात नांगोबी पोट धरून हसत होती. "बघ," तिने लांबून विचारले, "जमतंय का? दोन शेळ्या म्हणजे वाईट नाही."

गोंधळ निस्तरला तो खरे नवऱ्याकडचे आल्यावर. त्यांनी झाला प्रकार ऐकला आणि मॅडमच्या शेळ्याही आपल्या खाती घेतल्या. मॅडमना हे सगळे स्वागत आपल्यासाठी होते असेच शेवटपर्यंत वाटत होते. जेवणे झाल्यावर किरुंदांनी नायगागाला पोस्टरखाली उभे केले. मॅडम, मुकोसे, परीक्षक, इसाबिर्ये, सगळे भोवती.

"ही जागा तुम्ही दिलीत?" किरुंदांचा आवाज चढला होता. इसाबिर्येंनी 'जा' जुळवला.

"त्यांना रागावू नका," मुकोसे म्हणाले. "अहो, इतकी वर्षं तुमच्याशी बोलतोय, कधी एका शब्दात हो मिळालं नाही. यांच्यामुळे पोरीचं कार्य झालं. पुढच्या वर्षीचा सगळा माल मी इथूनच उचलणार."

"अद्भुत," मॅडम म्हणाल्या. "अशा बाईला इतक्या छोट्या जागी ठेवणं बरं नाही. आमच्या राजधानीच्या कार्यालयात सात टेलिफोन आहेत. आम्ही यांना तिकडे नेतो."

परीक्षकाने मान डोलावली. किरुंदांनीही डोलावली; ती बला इतकी सन्मानाने टळेल असे त्यांना वाटले नव्हते. इसाबिर्येंनी घाम पुसला आणि बोटांवर अक्षरे उभी करायला घेतली: रा, ज, धा.

नायगागाने ती पुरी होऊ दिली नाहीत. मॅडमची सात बोटे तिने पाहिली होती, आणि कानाशी नेलेली मूठही. राजधानीत तिला ओळखणारा एकही हात नव्हता. सात लाल दिवे, सात वाफाळती ताटे. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. नेहमीचा शब्द येणार याची सगळ्यांना खात्री होती. तिच्या छातीत तो गुणगुणू लागलाही होता.

तिने ओठ मिटले. दोन्ही तळवे समोर आडवे धरून एकदाच, जोरात, अलग केले. मग शेडकडे बोट केले, पाय जमिनीवर दाणकन आपटला, आणि पुन्हा शेडकडे बोट केले.

भाषांतराची गरज कोणालाच पडली नाही. इसाबिर्येंचा हात हवेत 'नी'वर थांबून राहिला.

"नाही म्हणाल्या?" मुकोसेंनी चकित होऊन विचारले.

"ग्राहकासमोर," परीक्षक हळूच म्हणाला. "सातव्या धड्याच्या विरुद्ध आहे हे. असा उमेदवार टेलिफोनवर ठेवता येणार नाही, मॅडम."

किरुंदांनी संधी साधली. "मग शिक्षा म्हणून पॅकिंग," ते कठोर आवाजात म्हणाले. "आजपासून." इसाबिर्येंनी हे वाक्य मात्र अक्षरे न जुळवता सांगितले; त्यांनीही नुसते शेडकडे बोट केले. त्यांना येणारी ती पहिली पुरी खूण होती.

नायगागाने शिक्षा झालेल्या माणसाला शोभेल इतकी मान खाली घातली, आणि अंगण ओलांडेपर्यंत ती तशीच ठेवली.

पोस्टर अजून काचेवर आहे. टेलिफोन आता बालिकोवा उचलतो. त्याला ऐकू येते, त्यामुळे तक्रारी पुन्हा वाढल्या आहेत. इगांगाचा दुकानदार फोन करतो आणि 'त्या बाईंना द्या' म्हणतो. शेडमधून पोस्टर दिसते, पण त्यामागचा दिवा दिसत नाही. पंप सुरू झाला की बालिकोवा फाटकावरच्या खुर्चीतून उठून धडपडत रिसेप्शनकडे धावतो, त्यावरून कळते.

सोमवारी दुपारी बाकावर पाच ताटे आली. नायगागाने पोशोचा तुकडा मोडला, घेवड्यात बुडवला, तोंडापर्यंत नेला, तेवढ्यात नांगोबीने विचारले, "खरं सांग, तिसरी शेळी सांगितली असती तर गेली असतीस का?" नायगागाने घास ताटात ठेवला. हे नीट सांगायला दोन्ही हात लागणार होते. ती सांगत राहिली, मग दुसऱ्याने मध्येच दुसरे काढले, मग ते खोडून काढायला तिसरा उठून उभा राहिला. सुट्टी संपल्याचा इशारा म्हणून मुकादमाने शेडच्या दिव्यांची उघडझाप केली.

"तुझं ताट बघ," नांगोबी म्हणाली. "साय धरली."

नायगागाने बोटाने साय दाबून पाहिली. चांगली जाड होती.